यंत्राचे दुखणे आणि त्याचे निदान



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, धर्म आणि साहित्य यांची चर्चा होत आली आहे. तेथे कामगार चळवळीतल्या माणसाने उभे राहून मोटारीच्या बिघडलेल्या एसीविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आमची विद्या शाळेत झाली नाही. ती यंत्राच्या कडेला उभे राहून झाली. आणि हा विषय परका नव्हे, याच मातीतला आहे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि माळरानावर कारखाने उभे राहिले. १९९८ च्या अखेरीस लोकांपुढे आलेली टाटांची इंडिका येथेच तयार होई. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. २००९ पासून चाकणला परदेशी कंपन्यांच्या मोटारीही बनू लागल्या. तथापि नवी गाडी बनविणाऱ्याच्या दारात बहुधा जुनीच गाडी उभी असते. तिच्यावर कोणी पोट भरतो, कोणी आजारी आईबापांना इस्पितळात नेतो.

एसी ही चैन आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही इतिहास सांगतो. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअराने आपले पहिले यंत्र ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी योजले, कारण दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची छपाई चुके. ती सोय कागदासाठी होती, माणसासाठी नव्हे! आजही कारखान्यातील मोजमापाची खोली २० अंशांवर ठेवतात, ती पोलादाच्या तुकड्यासाठी. मग वैशाखात बारा तास गाडी हाकणाऱ्याने थंड हवा मागितली, तर ती चैन कशी?

आता यंत्राकडे वळू. एसी थंडी निर्माण करीत नाही. तो गाडीच्या आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. ही हमाली करणारा वायू म्हणजे गॅस. जुन्या गाड्यांत सामान्यतः आर-१३४ए नावाचा गॅस असतो. तो हवेच्या साध्या दाबाखाली उणे २६ अंशांवरच उकळतो. कंप्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढील कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता वाऱ्याला देऊन द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटून तो डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि आतील उष्णता ओढून घेतो. चार अंगे आणि एक फेरा, एवढेच हे शास्त्र होय.

एक उदाहरण घ्या. कामगारांची ने-आण करणारा एक चालक आमच्याकडे आला. एका गॅरेजने त्याला सांगितले होते, ‘कंप्रेसर गेला, नवा टाका.’ त्या खर्चात त्याची महिन्याची कमाई जात होती. आम्ही त्याला एकच विचारले, ‘दादा, हवा केव्हा गरम होते?’ तो म्हणाला, ‘मोशीच्या पुढे रस्ता मोकळा असला की गार लागते, चाकणच्या चौकात गाडी अडकली की गरम.’ या उत्तरातच निम्मे निदान होते. कंप्रेसर निकामी असता, तर गाडी धावतानाही हवा गार झाली नसती. धावताना वारा आपोआप कंडेन्सरवर येतो. उभ्या गाडीत तो पंख्याने आणावा लागतो. गेज लावले, तेव्हा उभ्या गाडीत दोन्ही बाजूंचे दाब चढत होते. कंडेन्सरवर पाणी मारताच ते उतरले. पंखा फिरत नव्हता, त्याच्या मोटारीचे कार्बन झिजले होते आणि कंडेन्सरच्या जाळीत धूळ बसली होती. कार्बन बदलले, जाळी धुतली. कंप्रेसर जुनाच राहिला.

दुखणी निरनिराळी असतात, पण प्रत्येकाची खूण वेगळी. वारा मुळातच कमी येत असेल, तर आधी आतील फिल्टर आणि ब्लोअर पाहावा. आरंभी गार हवा येऊन पुढे वाराच मंदावत असेल, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा येत असेल, तर कॉइलवर बर्फ धरत आहे. क्लच मुळीच ओढत नसेल, तर फ्यूज, रिले व गॅसचा दाब तपासावा. गेजवर दोन्ही दाब कमी असतील, तर बहुधा गॅस कमी आहे. खालचा दाब जास्त आणि वरचा कमी असेल, तर मात्र कंप्रेसरवर संशय घेणे योग्य.

‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो’ हा समज मोडला पाहिजे. गॅस डिझेलासारखा जळत नाही. कमी झाला तो गळून गेला. सांध्यावर तेलकट डाग दिसतो, साबणाच्या पाण्याला बुडबुडे येतात. गळती न बुजविता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. गळती बुजवून, व्हॅक्यूम ओढून, तो टिकतो हे पाहून, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणाराही कोणी भेटतो; तो पेट घेतो, त्याला हात जोडून परत पाठवावे. आर-१३४ए पेटत नाही, पण हवेत सुटल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. असे वायू कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला आणि भारताने त्याला २०२१ साली मान्यता दिली. शिवाय उडालेला द्रव डोळ्याला लागला, तर डोळा जातो. म्हणून कारागिराला चष्मा आणि हातमोजे हवेत. हे आम्ही चळवळीचे काम समजतो.

आम्ही कामगारांचे तंटे पुष्कळ पाहिले. उत्पादन घसरले की प्रथम बोट जातो राबणाऱ्या हातांकडे. कच्चा माल, साचा, वीज यांची चौकशी मागाहून. कंप्रेसरचेही तसेच: सर्वांत अधिक राबतो तो, आणि आरोपही त्याच्यावरच प्रथम. आमचा आग्रह एवढाच की, चौकशीशिवाय शिक्षा नको, मग ती माणसाला असो की यंत्राला.

म्हणून यापुढे गाडी गॅरेजात नेताना तीन प्रश्न विचारा: दुखणे केव्हा होते, गेजवर दाब किती, आणि गळती कोठे? प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट आपल्या कामाची कदर झाली, असे वाटेल. त्याने तपासाला तास दिला, तर त्या तासाचे पैसे हसत द्या. कारण निदान हीही मजुरीच आहे, आणि मजुरी बुडविणे आपल्याला शोभत नाही.