पुराचे शास्त्र आणि पुराची आठवण



कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. दर वेळी पाणी ओसरताच पंचनामे झाले, मदतीच्या मालमोटारी आल्या. आपत्तीनंतरची करुणा या समाजात विपुल आहे. आपत्तीपूर्वीची तयारी मात्र उपेक्षितच राहिली आहे.

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथे ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. हे आकडे पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होतात. परंतु नदीकाठच्या वस्तीतील मोलकरणीला त्यांचा अर्थ कोण सांगणार? किती फुटांना तिच्या उंबऱ्याला पाणी लागेल, कोणता रस्ता आधी बंद होईल, हा तिचा प्रश्न आहे. त्याचे अर्धे उत्तर विद्यापीठाजवळ आहे आणि अर्धे तिच्या शेजारच्या म्हातारीजवळ.

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे येतात. भूगोलाचा अध्यापक जमिनीच्या चढउतारांचा नकाशा काढू शकतो. २००५ चे पाणी भिंतीवर कोठवर चढले, ओढा कोठे बुजवला गेला, हे गल्लीतील वृद्धांना ठाऊक असते. दोहोंच्या मेळातून गल्लीगल्लीचा तक्ता तयार होईल: बंधाऱ्यावर किती फूट पाणी असता कोणती घरे रिकामी करावयाची, अंथरुणाला खिळलेली माणसे व बाळंतिणी कोणत्या घरात आहेत, जनावरे कोठे न्यावयाची, नावेत किती जणांना बसवावयाचे. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना याहून उचित काम कोणते?

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली व डझनाहून अधिक माणसे बुडाली. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण पाणी गळ्याशी आल्यावर रांग लावता येत नाही. ती उन्हाळ्यातच ठरवून ठेवावी लागते.

कोणी म्हणेल, लोक आणि विद्यापीठ मिळून सारे करू लागले, तर सरकार हात झटकून मोकळे होईल. ही शंका रास्त आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने लोकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर टाकली आहे. ती पार पाडून घेतलीच पाहिजे. परंतु ज्या वस्तीच्या हाती स्वतःचा तक्ता आहे, तीच वस्ती जाब विचारू शकते: पूररेषेत भराव कोणी टाकला? निवाऱ्याच्या शाळेला कुलूप का? अज्ञानात ठेवलेल्या माणसाला केवळ मदत मागता येते.

म्हणून कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात एक वस्ती आणि एक महाविद्यालय यांची गाठ घालून द्यावी. जनतेच्या करातून उभी राहिलेली विद्या पुराच्या आधी जनतेच्या उंबऱ्यापर्यंत पोचली पाहिजे.