मोठ्या पडद्यावरचा हिशेब

आम्ही सातपाटीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज मासळीचं नाही, मॉनिटरचं बोलणार आहोत. हसू नका, ज्या गटाकडे छोटा लॅपटॉप आहे त्यांच्या हे कामाचं आहे.

आमचा लॅपटॉप जुना, दहा इंची. विंडोज त्याला झेपेना, म्हणून त्यावर लिनक्स घातलंय. लिनक्स फुकट मिळतं, मराठीतूनही चालतं; आपल्या सी-डॅकने काढलेलं ‘बॉस’ हेही लिनक्सच. हिशेब लिब्रेऑफिसच्या तक्त्यात मराठी आकड्यांत लिहितो. अडचण अशी की स्क्रीन लहान, त्यामुळे समोर बसलेल्या मुलीलाच दिसतं. बाकीच्या आम्ही ती वाचेल ते ऐकायचं आणि सही करायची. वही होती तेव्हा निदान हातोहात फिरायची.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाजाराची धावपळ कमी होते. तेव्हा आम्ही वर्षाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडतो. यंदा एकीच्या घरून एकोणीस इंची जुना मॉनिटर मिळाला. वायर जोडली, चित्र आलं, सगळ्या खूश. तेवढ्यात एक मावशी उठून उभी राहिली. पालघरच्या बाजारात मासळी विकून तिने कर्ज फेडत आणलंय.

“माझे चौदाशे राहिलेत. इथे नऊ हजार चारशे कसे गं?”

कुणी काही बोलेना. मागून कुजबुज झाली, “आत कुणीतरी बदललं असेल.” हिशेब लिहिणाऱ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लॅपटॉप उचलून मावशीच्या नाकासमोर धरला. तिथे १,४०० स्वच्छ होते. मोठ्या पडद्यावर अक्षरं फुगून पुसट झाली होती, १ आणि ९ एकसारखे दिसत होते. हिशेब बरोबर होता, पण त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. मावशी म्हणाली, “नीट दिसेल तेव्हाच करीन.” आम्हाला तिचं पटलं.

मग आम्ही शोध घेतला. पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. जाळ्याची आस विणतानाच ठरते, तसे मॉनिटरचे ठिपकेही कारखान्यातच ठरतात. आमच्या मॉनिटरचे आडवे १४४० आणि उभे ९००. लॅपटॉप मात्र त्याला १०२४ बाय ७६८ चं चित्र पाठवत होता. १०२४ ठिपके १४४० वर ताणायचे म्हणजे एका ठिपक्याला जवळजवळ दीड ठिपक्याची जागा. अर्धा ठिपका पेटत नाही, म्हणून रंग शेजारच्या ठिपक्यात पसरतो आणि अक्षर पुसट होतं. ठिपक्यांच्या या मापाला रिझोल्युशन म्हणतात.

ते बदलायला सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा. तिथे दोन स्क्रीन दिसतात. ‘मिरर’ चालू असेल तर बंद करा, कारण त्यात दोन्ही पडद्यांना जमेल असं एकच माप घेतलं जातं आणि लहानामुळे मोठ्याचं नुकसान होतं. मग मोठी स्क्रीन निवडून तिचं स्वतःचं माप निवडायचं. चुकीचं निवडलं आणि पडदा काळा झाला तर घाबरू नका, काहीच दाबू नका. बहुतेक लिनक्समध्ये काही सेकंदांत जुनं माप आपोआप परत येतं.

एक आणखी. दहा इंची स्क्रीनवर कधी कधी खिडकीचं ‘ओके’ बटण खालच्या कडेबाहेर जातं. ऑल्ट दाबून धरा आणि माउसने खिडकी वर ओढा. काही लिनक्समध्ये ऑल्टऐवजी विंडोजच्या चिन्हाची कळ लागते.

आमच्याकडे पंचाईत अशी की यादीत १४४० बाय ९०० नव्हतंच. मॉनिटर आपलं माप लॅपटॉपला वायरीतूनच कळवतो. जुन्या व्हीजीए वायरीच्या टोकाला पाचच्या तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. काही पिना रंग नेतात, बारावी आणि पंधरावी मॉनिटरची ओळख सांगतात. स्वस्त वायरींत कधी या पिना जोडलेल्याच नसतात, कधी वाकतात, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंजतातही. ओळख कळली नाही की लॅपटॉप अंदाजाने माप धरतो. आमच्या वायरीत बारावी पिन आत दबली होती. दुसरी वायर लावली आणि यादीत माप आलं. इतके दिवस आम्ही त्या पोरीला दोष देत होतो.

वायर बदलूनही जमलं नाही तर टर्मिनल उघडून एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा इंग्रजी अक्षरं लिहा, एंटर दाबा. मापांची यादी येते. चांदणी असते ते चालू माप, अधिकचं चिन्ह असते ते मॉनिटरचं पसंतीचं. मॉनिटरच्या मापांत अधिक कुठेच नसेल तर ओळख पोचलेली नाही. याच आज्ञेने नवं माप घालताही येतं, पण लॅपटॉप बंद करून चालू केला की ते पुसतं, आणि नव्या लिनक्समध्ये वेलँड असेल तर तसं घालता येत नाही. ते जाणकाराला सोबत बसवूनच करा. आधी वायर बघा, ती स्वस्त पडते.

पुढच्या बैठकीत मावशी पहिल्या रांगेत बसली. पडद्याजवळ जाऊन बोट ठेवत तिने आपली ओळ वाचली, चौदाशे. मग वरची ओळ वाचली, मग तिच्या वरची. तिथे एकीचा पन्नास रुपयांचा हप्ता दोनदा लिहिलेला निघाला. तो सगळ्यांसमोर दुरुस्त केला, आणि मग सह्या झाल्या.