कारणासकट सल्ला



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं भाषेच्या भवितव्याची चिंता करावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. ती चिंता करणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरी करतात. मी आयुष्यभर लोकांना परदेशी नेलं आणि सुखरूप परत आणलं. त्यामुळे मला चिंता आहे ती पासपोर्टवरच्या नावाची, गोळ्यांच्या डब्याची आणि दुबईला पाठवल्या जाणाऱ्या अनारशांची. साहित्याशी तिचा संबंध काय, ते सांगते.

हे बोलायला सुरतेसारखं गाव नाही. 1575च्या ऑक्टोबरात फत्तेपूर सिक्रीहून गुलबदन बेगम हजला निघाली. बाबराची मुलगी, हुमायूनची बहीण, अकबराची आत्या. बरोबर राजघराण्यातल्या बायका, नोकरचाकर, खजिना. हा काफिला सुरतेत आला आणि इथंच अडकला. समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा होता. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना नसेल तर जहाज खुशाल पकडलं जायचं. तो परवाना आणि सुरक्षिततेची हमी मिळवण्यात जवळजवळ वर्ष गेलं. बादशहाची आत्या, पण कागदासाठी थांबली. परतीच्या वाटेवर एडनजवळ जहाज फुटलं, तिथं पुन्हा बरेच महिने मुक्काम. घरी पोचली ती 1582 साली.

या बाईंनी पुढे ‘हुमायूननामा’ लिहिला. भावाच्या लढाया, घरातली लग्नकार्यं, सगळं लिहिलं. पण त्यांच्या लिखाणाचं जे हस्तलिखित आपल्यापर्यंत आलं, त्यात हजचा प्रवास नाही. सुरतेत वर्षभर थांबताना काय केलं, परवाना शेवटी कसा मिळाला, एडनला अडकल्यावर मदत कोणाकडे मागितली, यातलं काही नाही. मागून येणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडलं असतं, तेवढंच नेमकं नाही.

गुलबदन इथं अडकली त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, 1644 साली, हकीकत खानानं इथं मुघल सराय बांधली. हजला जाणाऱ्यांनी जहाज सुटेपर्यंत तिथं राहावं, यासाठी. आज त्या इमारतीत सुरत महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे. म्हणजे प्रवाशांनी जिथं वाट पाहिली तिथं आता करदाते वाट पाहतात. (पालिकेतले कोणी सभागृहात असतील तर त्यांनी हे कौतुक समजावं.)

मराठीत प्रवासवर्णन उदंड झालं. पण पंडिता रमाबाईंनी 1889 साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिलं तेव्हा त्यांची नजर वेगळी होती. तिथलं सरकार कसं चालतं, शाळा कशा चालतात, बायका संस्था कशा उभ्या करतात, हे त्यांना वाचणाऱ्याला समजावून द्यायचं होतं. पुढे आपली गाडी सूर्यास्तांकडे आणि ट्यूलिपकडे वळली. पुलंनी ‘अपूर्वाई’त आपल्याला पोटभर हसवलं, आणि मग प्रत्येकाला आपणही तसंच हसवू शकतो असं वाटू लागलं. उपयोगाची माहिती मात्र साहित्याबाहेर गेली. ती गेली सहल कंपनीच्या पत्रकात, आणि तिथून मोबाईलवरच्या फॉरवर्डमध्ये: ‘परदेशी जाताना ह्या अकरा गोष्टी विसरू नका’. त्या अकरा गोष्टींत कारण एकाचंही नसतं.

माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे. कारण न सांगता दिलेला सल्ला माणूस पाळत नाही. आणि पाळला तरी परिस्थिती जरा बदलली की फसतो.

अनारशांचंच घ्या. दिवाळीत लेक दुबईला असते, आई डबा पाठवते. ‘खाण्याचे पदार्थ जपून न्या’ हा सल्ला आईनं ऐकलेला असतो. तिच्या लेखी त्याचा अर्थ डबा घट्ट बांधा. तिला कोणी सांगितलेलं नसतं की अनारशांवरची खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. सिंगापूरलाही तिला बंदी आहे. हे कारण एकदा कळलं की अनारसे तर राहतातच, पण काही घरांत गोड्या मसाल्यात खसखस पडते तीही तिला आपोआप आठवते. यादी वाचून मसाला आठवला नसता. सुक्या खोबऱ्याची वाटीही अशीच. सामानात देऊ नका म्हटलं की लोक चिडतात, देवाचा प्रसाद आहे म्हणतात. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते बंद जागेत तापून पेटू शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते ज्वलनशील माल ठरतं. हे सांगितलं की तोच माणूस मुकाट्यानं वाटी काढून ठेवतो. पॉवर बँक विमानाच्या पोटातल्या सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत का ठेवायची, त्याचंही कारण आगच: वर पेटली तर दिसते आणि विझवता येते.

आता जहाज. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझ सुरू झाल्यापासून आपल्या मंडळींना जहाजाची गोडी लागली आहे. सुरतेच्या लोकांना तर हजीरा-घोघा रो-रो फेरी 2020च्या नोव्हेंबरपासून अंगवळणी पडली. रस्त्यानं 370 किलोमीटरचा वळसा, समुद्रावरून 90. पण परदेशातल्या क्रूझचं प्रकरण निराळं. जहाज बार्सिलोनाहून निघतं, इटलीला जातं, ग्रीसला जातं, मध्येच तुर्कस्तानातल्या एका बंदरात दिवसभर थांबतं आणि पुन्हा ग्रीसला येतं. प्रवासी एकाच केबिनमध्ये झोपलेला, कपडे त्याच कपाटात. त्याला आपण कुठं ‘गेलो’ असं वाटतच नाही. व्हिसाच्या हिशेबात मात्र तो शेंगेनमधून बाहेर पडला आणि परत आला. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर गाठ पडली. म्हणून मल्टिपल एंट्री मागायची, आणि जहाजाचा मार्ग अर्जाला जोडायचा. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझचीही तीच गोष्ट. व्हिसा मुक्कामावर चालत नाही, सीमेवर चालतो, एवढं समजलेल्या माणसाला प्रत्येक क्रूझची वेगळी यादी लागत नाही.

जहाजावर चढल्याचढल्या एक कवायत असते. धोक्याची सूचना, म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब, झाली की कुठं जमायचं आणि जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, ते शिकवतात. आपले लोक त्या वेळी बुफे कुठं लागलाय ते शोधत असतात. तेव्हा मी त्यांना 13 जानेवारी 2012ची रात्र सांगते. इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकावर घासलं आणि कलंडलं. जहाजावर चार हजारांवर माणसं होती, 32 मेली. त्यांत मुंबईचा एक तरुण वेटरही होता. त्याचे अवशेष मिळायला अडीच वर्षांहून जास्त काळ गेला. त्याच संध्याकाळी जे प्रवासी चढले होते त्यांची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. 1 जानेवारी 2015पासून ही मुभा गेली. जहाज हलण्याआधी किंवा हलताच कवायत झालीच पाहिजे.

इटली लांब वाटत असेल तर आपलं रेवस घ्या. 17 जुलै 1947, आषाढी अमावस्या. ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वादळी पावसात बोट एका अंगाला झुकली, माणसं घाबरून एकाच बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक बुडाले. इकडे गुजरातेत ‘वीजळी’ आहेच. 1888च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘वीजळी’, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली आणि तिचा थांगपत्ता लागला नाही. त्या बोटीवरचं हाजी कासमचं गाणं इथल्या आजीबाईंना अजून येतं. गर्दीनं एका बाजूला धावू नये, हे शिकवायला कवायतीची पंधरा मिनिटं फार नाहीत. हजीराच्या फेरीतसुद्धा जाकीट कुठं ठेवलंय ते एकदा पाहून घ्यायला काय हरकत आहे? आपण पाहतो फक्त वडापाव कुठं मिळतो ते.

जहाजावरच्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, कारण टोकांना आणि वर हेलकावा जास्त असतो; लोक मात्र सगळ्यात वरची महागडी केबिन घेतात आणि उलट्या करत दृश्य पाहतात. समुद्रात मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, कारण किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह-टॉवरला चिकटतो आणि एखाद्या देशासाठी घेतलेलं रोमिंग पॅक तिथं सहसा लागू नसतं. जेवणाआधी हात साबणानंच धुवा. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. आणि बंदरात उतरलात तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. स्वतः खरेदीला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही, कारण धक्क्याचं भाडं आणि पुढच्या बंदराची वेळ आधीच ठरलेली असते.

औषधांपाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथं आपली माणसं खरी अडचणीत येतात. आपले ज्येष्ठ नागरिक गोळ्या सोमवार-मंगळवारच्या डब्यात काढून ठेवतात. घरी उत्तम. सीमेवर मात्र ती नाव नसलेली रंगीत खडीसाखर. पाकिटासकट न्या, डॉक्टरांची चिठ्ठी न्या, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. कारण रोमचा डॉक्टर आपल्याकडचं कंपनीचं नाव ओळखणार नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळी ही आखाती देशांत परवानगीशिवाय चालत नाहीत. जहाजावर चढताना मोठी बॅग तुमच्यापासून घेतात आणि ती केबिनपाशी यायला काही तास लागतात, म्हणून गोळ्या खांद्यावरच्या पिशवीतच.

विमा काढताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. ‘हप्ता वाढेल’ म्हणून मुलगाच सांगतो, ‘बाबा, लिहू नका.’ मग छातीत दुखलं की विमा कंपनी जुने कागद मागते, आणि लपवलेल्या आजारावरून दावा नाकारते. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. पण क्रूझला जाणार असाल तर भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, ते वाचा. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो.

नावाचा घोळ तर मराठी आणि गुजराती या दोघांचा सामाईक वारसा आहे. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टात मधलं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात गेलेलं असतं, तिकिटावर ते गळतं. बाईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या. तिकीट पासपोर्ट समोर ठेवूनच काढावं, आधार कार्ड समोर ठेवून नव्हे. पासपोर्टाची मुदत परतीनंतर सहा महिने असू द्या. हिऱ्यांच्या या शहरात एक विनंती अशी: लग्नाला परदेशी जाताना अंगावर भारी दागिने असतील तर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात-प्रमाणपत्र घ्या. येताना ते दागिने इथूनच गेले होते हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते.

आणि प्रवासी म्हणजे फक्त क्रूझवाले नव्हेत. सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेली कुटुंबं पिढ्यांपासून राहतात. लूमवर, प्रोसेस हाऊसमध्ये राबलेल्यांची मुलं आता आखातात, थायलंडला जायला निघतात. एजंट म्हणतो, ‘आता व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून घेऊ.’ हे वाक्य ऐकलं की उठून यावं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक’ अशी, नोंद असते, आणि ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. ती मंजुरी म्हणजे अडथळा नाही. तिच्यामुळे करार नोंदला जातो, पगार नोंदला जातो, फसवणूक झाली तर धरायला नाव उरतं. व्हिजिट व्हिसानं हे सगळं पुसलं जातं. म्यानमार-कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेली भारतीय मुलं बहुतेक संगणकाच्या नोकरीच्या आमिषानंच गेली होती. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. पासपोर्ट हरवला तर भारतीय दूतावास मायदेशी परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. तक्रार सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवता येते. हे त्या मुलाच्या आईला माहीत हवं, आणि तिच्या भाषेत हवं.

म्हणून या संमेलनानं ठराव करायचाच असेल तर अभिजात दर्जाबद्दल नको, एका पुस्तिकेबद्दल करावा. खिशात मावेल एवढी. प्रत्येक पानावर नियम, त्याखाली कारण, आणि कोपऱ्यात तो नियम कोणत्या तारखेला तपासला ते. नियम बदलला की पान बदलायचं. कारणाचा मजकूर बहुधा तसाच राहील. ती सहल कंपन्यांनी लिहू नये, त्यांना विकायचं असतं. वकिलांनीही लिहू नये, त्यांचं वाचवत नाही. इथं बसलेल्या ललित लेखकांनी लिहावी. आणि नोकरीसाठी जाणाऱ्यांचा भाग अहिराणीतही व्हावा. त्यासाठी खानदेशातून आलेल्या दोन लेखिकांना मी काल रात्री जेवताना गाठलं आहे, त्यांनी अजून होकार दिलेला नाही. दुपारच्या परिसंवादाआधी त्यांना पुन्हा विचारणार आहे.