भिंतीवरचे ठिगळ

खिळा उपटताना गिलाव्याची खपली पडते. आपण तेथे पुट्टी भरतो, डब्यात उरलेला रंग वर लावतो, आणि वाळल्यावर तेवढाच तुकडा निराळा दिसू लागतो. दोष बिचाऱ्या रंगाऱ्याच्या माथी येतो! वस्तुतः नवी पुट्टी तहानलेली असते. ती रंगातील द्रव शोषून घेते, म्हणून तेथे तेज राहत नाही. भोवतालचा रंग तर उन्हाने आणि धुराने केव्हाच उतरलेला असतो. यास्तव भरलेली जागा काचकागदाने सपाट करावी, धूळ पुसावी, अस्तराचा एक हात द्यावा. आणि मग रंग त्या तुकड्यापुरता न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतीला द्यावा. कोपऱ्यावर उजेडच बदलतो, त्यामुळे दोन छटांतील भेद तेथे सहसा डोळ्यांत भरत नाही.

जुन्या वाड्यांची गोष्ट मात्र वेगळी. तेथील चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि बाहेर टाकतो. सिमेंटचे ठिगळ तिला अडवते. अडलेली ओल कडेने वाट काढते आणि शेजारचा धड गिलावा फुगवते. बोटांनी ठोकून पाहिल्यास तो पोकळ वाजतो. मूठभर सिमेंटपायी हातभर भिंत गमवावी लागते. अशा ठिकाणी चुनाच भरावा, एकेक थर सावकाश वाळू द्यावा, वर चुन्याचाच पातळ हात फिरवावा. घरमालक घाई करील, करू द्यावी. पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये, आणि डाग छताकडून उतरत आलेला असेल तर आधी कौले तपासावीत.