परक्या मुलखातील मजुरी



आपल्या पांडवलेण्यांतील सतरावे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरविले. धर्मदेवाचा पुत्र, दातामितीचा, उत्तरेकडचा, असे शिलालेखात आहे. ग्रीकांना आपण यवन म्हणत असू. हा परका माणूस येथे बापाचे नाव दगडावर ठेवून गेला. पैसेवाला परका कोठेही सुखाने नांदतो!

आता उलट पाहा. ग्रीस देशात मानोलादा येथे स्ट्रॉबेरीचे मळे आहेत. तेथे बांगलादेशी मजूर राबत. कबूल मजुरी सात तासांना 22 युरो; काम मात्र बारा-बारा तास, राहणे पुठ्ठ्या-प्लॅस्टिकच्या खोपटात. आणि पैसे? महिनोन् महिने नाहीत. 17 एप्रिल 2013 रोजी ते थकलेली मजुरी मागावयास गेले, तर बंदूकधारी मुकादमाने गोळ्या झाडल्या. तीसएक जखमी झाले. त्यांच्याजवळ परवाने नव्हते. मालकाची खरी बंदूक तीच. 42 जणांच्या फिर्यादीवर 2017 साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ही वेठबिगारी ठरविली. मजूर प्रथम राजीखुशीने आला, तरी वेठ ती वेठच, असा निर्वाळा दिला.

"राजीखुशीने आला ना?" हा सवाल आम्ही युनियनवाले उभा जन्म ऐकत आलो आहोत. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याचे आदिवासी निफाड-दिंडोरीकडे येतात. त्यांना परवाना लागत नाही. पण उचल घेतलेल्या मजुराला हिशेब मागता येतो काय, हे येथे बसलेल्या बागाईतदारांनी आज घरी जाऊन आपल्या वहीत पाहावे.