एकांच्या रांगेंतून निघालेली संख्या

दापोलीजवळील मुर्डी हें रत्नागिरी जिल्ह्यांतील लहानसें गांव. तेथें १८७६ सालीं जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्यें केंब्रिजच्या गणित-परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक १९२७ मध्यें ज्या विद्यार्थ्यास मिळालें, तो डहाणूचा दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पुढें १९३० ते १९६२ पर्यंत कापरेकर देवळालीस शाळामास्तर होते.

कापरेकरांस संख्यांचें विलक्षण वेड. डोंबिवली स्टेशनावर, ज्यास तेव्हां डेमलो म्हणत, त्यांना संख्यांचें एक कुल सुचलें. त्यास त्यांनीं स्टेशनाचेंच नांव दिलें. त्या कुलांतील एक संख्या अशी: १२३४५६७८९८७६५४३२१.

हिचे अंक सतरा. भास्कराचार्यांच्या लीलावतींत स्थानांचीं अठरा नांवें आहेत. त्यांत हिचें शेवटचें स्थान ‘मध्य’, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खालीं. उजवीकडून वाचा वा डावीकडून, ती तीच राहते. मधला नऊ सोडून दोन्ही बाजू मिळविल्या, तर १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ येते. मधलाच अंक असा पुन्हा पुन्हा उमटणें, हें डेमलो संख्येचें लक्षण.

तिचें मूळ साधें आहे. नऊ एक ओळीनें लिहून त्या संख्येचा वर्ग केला कीं ती मिळते. म्हणून ती पूर्ण वर्ग. तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ इतकेच. तिला ४५ भाजक आहेत. भाजक जोडीनें येतात, पण वर्गाचें मूळ एकटें उरतें, म्हणून ही गणना विषम. स्वतःखेरीज बाकीच्या भाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते. अशा संख्येस न्यून संख्या म्हणतात.

श्रोत्यांनीं पाटीवर ११ चा वर्ग करावा, १२१ येईल. १११ चा १२३२१. असें नऊ एकांपर्यंत चालतें. नऊ वेळां खरें ठरलें, तर दहाव्या वेळीं शंका कोण घेईल? परंतु दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. आठ डावीकडून नाहींसा झाला, मध्यें दोन शून्यें आलीं, आणि आरसा फुटला. कारण उघड आहे: गुणाकाराच्या मधल्या उभ्या ओळींत दहा एक जमतात, शून्य मांडून हातचा एक डावीकडे सरकतो, आणि तेथील नवाचेहि दहा होतात.

कापरेकरांच्या अशा शोधांस कित्येक गणितज्ञ केवळ मनोरंजन समजत. १९७५ मध्यें अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे वळलें. कापरेकर १९८६ मध्यें वारले. त्यांच्या खेळांत मात्र एक कठोर शिस्त दडलेली आहे: नऊ दाखले म्हणजे सिद्धता नव्हे. आकृति कां टिकते हें ज्यास कळलें, त्यासच ती कोठें मोडेल हें आधीं सांगतां येतें.