डास आणि आपला हिशेब
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा इतरांनी घेतलाच आहे. मी फक्त डासांवर बोलणार आहे. हसू नका, विषय घरचाच आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या नातवाला डेंग्यू झाला. मी तावातावाने कमिटीकडे गेलो. म्हटलं, मागच्या भिंतीपलीकडच्या भातखाचरात रॉकेल ओता, सगळे डास तिथूनच येतात. चार दिवसांनी आरोग्य कर्मचारी घरी आले. अळ्या सापडल्या त्या माझ्याच गॅलरीत, मनी प्लँटच्या कुंडीखालच्या ताटलीत! बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि खातं माझंच चुकलं होतं.

मग नातू बरा झाल्यावर आम्ही दोघं खाचराच्या बांधावर जाऊन बसलो. पाण्यात पाठीवर उलटे पोहणारे किडे होते, पाणविंचू होते, चतुराची पिल्लं होती. चतुराचं पिल्लू खालचा जबडा झटकन पुढे फेकून डासाची अळी पकडतं. नातू म्हणाला, "आजोबा, हे तर आपले वॉचमन!"

पुढे वाचलं तेव्हा आणखी गंमत कळली. इस्रायलमध्ये हायफा विद्यापीठाचे लिऑन ब्लाऊस्टाइन यांनी उलट्या पोहणाऱ्या किड्यांवर प्रयोग केले. हे किडे असलेल्या पाण्यात तिथल्या एका जातीच्या डासाची मादी अंडी घालायचं टाळते. किडे काढून घेतले तरी पाण्यात उरलेल्या त्यांच्या वासाने तिला धोका कळतो. सगळ्याच जातींचे डास असे सावध नसतात. पण जी मादी टाळते ती अंडी पोटात ठेवून थोडीच बसणार? ती दुसरं पाणी शोधते, जिथे शत्रू नाही.

आणि असं पाणी कुठे असतं? आपल्या पिंपात, कूलरमध्ये, गच्चीवरच्या उघड्या टाकीत. डेंग्यूच्या डासाला तर असंच साठवलेलं पाणी आवडतं. त्याची अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते.

रॉकेल किंवा औषध ओतलं की अळ्यांबरोबर वॉचमनही मरतात. डास आठ-दहा दिवसांत पुन्हा तयार होतो, चतुराच्या बऱ्याच जातींना मात्र महिने लागतात. म्हणजे मुद्दल गेलं आणि कर्ज तसंच!

म्हणून माझी विनंती एवढीच. खाचरात काही ओतू नका. दर रविवारी प्रत्येक घरात पिंपं, ताटल्या रिकाम्या करून घासा, टाक्यांना झाकणं लावा. सुरुवात माझ्या गॅलरीपासून झाली आहे, कोणीही येऊन तपासा. चहा मिळेल.